मुलाखतीच्या खिडकीवर जामिनाचा निर्णय घेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या आहात, घरची द्राक्षबाग आहे. एकोणतीस वर्षांचा थोरला मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात गेले पाच महिने सांगलीच्या जिल्हा कारागृहात आहे. त्याआधीची आठ-नऊ वर्षे दारू आणि झोपेच्या गोळ्या, दोनदा व्यसनमुक्ती केंद्र, मनोविकारतज्ज्ञांची अर्धवट सोडलेली औषधे, असा प्रवास झाला आहे. कारागृहातल्या दर मुलाखतीला, म्हणजे भेटीला, तो म्हणतो, ‘आई, मला बाहेर काढ, नाहीतर मी जिवाचे काहीतरी करून घेईन.’ त्याचे वडील त्याचे नावही घेत नाहीत. धाकट्याचे लग्न ठरत आले आहे. जामिनासाठी सातबारा द्यावा की देऊ नये, आणि मन थाऱ्यावर कसे आणावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी वकील नाही. सांगली-मिरज भागात व्यसनी माणसांच्या आणि बंदिवानांच्या कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून मी बावीस वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मुलाशी नाते कसे टिकवायचे हा एक, आणि त्याच्या सुटकेसाठी घराने किती पणाला लावायचे हा दुसरा. मुलाखतीच्या खिडकीवर हे दोन्ही एकदमच तुमच्यासमोर येतात. समोर मूल रडत असते, मागे रांग उभी असते, वेळ संपत आलेली असते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत आई जमिनीचा शब्द देऊन बसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की खिडकीवर कोणताही निर्णय घ्यायचा नाही. खिडकी भेटीसाठी आहे. निर्णय घरी, दिवसाउजेडी, कागद समोर ठेवून आणि शक्यतो दुसऱ्या एखाद्या शहाण्या माणसाला शेजारी बसवून घ्यायचा.

पुढचे बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. त्याच्यावर नेमके कोणते कलम लागले आहे, ज्याला मारले तो माणूस तुमच्या शेजारीच राहतो का, आधीचे गुन्हे आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याने घरात कधी तुमच्यावर किंवा वडिलांवर हात उचलला आहे का, यातले तुम्ही काहीच लिहिलेले नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर जामिनाबद्दल खाली जे लिहिले आहे त्यात एक मोठी दुरुस्ती करावी लागेल. ती तिथेच सांगते.

आधी जिवाच्या धमकीबद्दल, कारण ती थांबवून ठेवण्यासारखी गोष्ट नाही. हे नाटक आहे की खरे, असे पालक मला नेहमी विचारतात. तो भेद खिडकीच्या अलीकडून कोणालाच करता येत नाही, मलाही येत नाही. म्हणून ते खरे मानूनच चालावे. मात्र खरे मानणे म्हणजे लगेच जामीन देणे, असा अर्थ लावू नये. खरे मानणे म्हणजे ज्यांच्या ताब्यात तो चोवीस तास आहे त्यांना त्याच दिवशी कळवणे. मुलाखत संपली की बाहेर पडण्याआधी ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगा, आणि पाठोपाठ कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, पूर्वी कोणत्या डॉक्टरांचे उपचार होते आणि कोणती औषधे चालू होती ते लिहा, जुनी ओपीडीची फाईल किंवा केंद्राचे डिस्चार्ज कार्ड असेल तर त्याच्या झेरॉक्स जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत वकिलांना द्या, म्हणजे त्यांना न्यायालयात वैद्यकीय तपासणीसाठी अर्ज करता येईल. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गरज वाटली तर बंद्याला सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवता येते, आणि मानसिक आजार असलेल्या बंद्यांच्या उपचारांची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे. ‘असा अर्ज दिला तर त्याला आत त्रास होईल,’ अशी भीती बऱ्याच आयांना वाटते. माझा अनुभव असा, की ज्याच्या घरचे लोक कागद देतात आणि नियमित येतात, त्याच्याकडे आत जरा जास्तच लक्ष राहते.

जामीन फेटाळल्याचा दिवस, तारीख पुन्हा पुढे गेल्याचा दिवस आणि घरातली वाईट बातमी कळल्याचा दिवस, हे जास्त जोखमीचे असतात. धाकट्याच्या लग्नाची तारीख त्याला एखाद्या नव्या बंद्याकडून किंवा गावच्या माणसाकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळली पाहिजे. तीही मुलाखतीच्या सुरुवातीला सांगा, म्हणजे त्यावर बोलायला वेळ उरेल.

आता भेटीबद्दल. सांगलीचे कारागृह भर गावात, जुन्या किल्ल्याच्या आवारात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादांनी साथीदारांसह याच तुरुंगातून पलायन केले, ही कथा आपल्याकडची शाळकरी मुलेही अभिमानाने सांगतात. एक आई मला म्हणाली होती, ‘बाई, त्या दारातून पळून गेलेल्यांचे पुतळे झाले, आणि माझ्या पोराला भेटायला मी तिथं पदर तोंडावर ओढून जाते.’ त्या दारापर्यंतचा रस्ता किती लांब वाटतो हे मला माहीत आहे. तरीही जमेल तितके ठरावीक जा. दर आठवड्याला जाऊन चार आठवड्यांत मोडून पडण्यापेक्षा पंधरा दिवसांनी, ठरल्या वारी, वर्षभर जाणे त्याच्या आणि तुमच्याही उपयोगाचे आहे. पुढच्या वेळी कधी येणार हे निघताना सांगा आणि त्या दिवशी जाच. ज्याच्या हातात दिवसातले काहीच नसते, त्याला आईचा एक वार ठाऊक असणे फार असते. स्वतः जाणे शक्य नसेल तेव्हा ऑनलाइन ई-मुलाखतीची नोंदणी करता येते. उद्या त्याला कोल्हापूरला कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात हलवले, तर ती सोय तुम्हाला विशेष उपयोगी पडेल. आधार कार्ड बरोबर ठेवा, आणि मुलाखतीचे वार व वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण त्या बदलत असतात.

खिडकीवर बोलायचे काय? खटल्याबद्दल बोलू नका. तिथे गोंगाट असतो, चार कान असतात, आणि त्याने रागात उच्चारलेले एखादे वाक्य त्याच्याच अंगाशी येऊ शकते. ते सगळे वकिलासमोर. ‘तू असे का केलेस’ हा प्रश्नही तिथे विचारू नका, त्याचे उत्तर पंधरा मिनिटांत मिळत नाही. झोप लागते का, औषध मिळते का, कोणाचा त्रास आहे का, एवढे विचारा. मग घरचे सांगा, बागेची छाटणी झाली का, म्हैस व्याली का, पाऊस कुठवर आला. आपल्याकडे असे बोलणे फालतू समजले जाते. पण आत असलेल्या माणसाला बाहेर अजून आपले घर चालू आहे आणि त्यात आपली जागा आहे, हे अशाच बोलण्यातून कळते. आणि तो ‘बाहेर काढ’ म्हणाला की एकच वाक्य ठरवून ठेवा, ‘त्याचे आम्ही वकिलांशी बोलून घरी ठरवू आणि जे ठरेल ते तुला मीच येऊन सांगेन.’ पहिल्या दोन-तीन वेळा तो चिडेल, कदाचित खिडकी सोडून निघून जाईल. तरी वाक्य बदलू नका. एकदा बदलले की चिडण्याने ते बदलते हे त्याला कळते, आणि हे त्याला दारूच्या दिवसांपासून ठाऊक आहे.

पत्राचा विसर पडू देऊ नका. मुलाखतीतले बोलणे हवेत विरते, पत्र मात्र तो रात्री बराकीत दहा वेळा वाचतो. पत्रे आत तपासली जातात, म्हणून त्यांतही खटल्याचा विषय नको. माझ्या ओळखीचे एक वडील मुलाशी तोंडाने एक शब्द बोलत नसत, पण दर महिन्याला विहिरीच्या पाण्याची पातळी आणि बेदाण्याचा भाव लिहून पाठवत. सुटून आल्यावर त्या मुलाने ती सगळी पत्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून परत आणली होती.

पैशाबद्दल थोडक्यात. कॅन्टीनसाठी मनीऑर्डरने किंवा कारागृहाने सांगितलेल्या अधिकृत मार्गाने महिन्याला एक ठरावीक रक्कम पाठवा आणि ती वाढवू नका. तो अचानक जास्त मागू लागला, तर आत कोणाचे देणे झाले आहे का, कोणी दमदाटी करते का, हे शांतपणे विचारा आणि तसे असेल तर अधिकाऱ्यांना कळवा. न्यायालयाच्या बाहेर चहाच्या टपरीवर ‘आतले सेटिंग करून देतो’ म्हणणारा माणूस तुम्हाला एव्हाना भेटलाही असेल. एका शेतकऱ्याने म्हैस विकून अशा माणसाला पैसे दिले होते. जामीन त्यानंतर दोन महिन्यांनी झाला, आणि तो सरकारी मदतीच्या वकिलाने केलेल्या साध्या अर्जावर झाला. तो दलाल मात्र श्रेय आणि उरलेले पैसे मागायला घरी आला.

यावरून कायद्याच्या मदतीकडे येते. जो कोठडीत आहे त्याला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सध्याच्या वकिलांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. दोषारोपपत्र कधी दाखल झाले, लावलेल्या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा किती, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ त्याला लागू होते का. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, आणि इतरांनी निम्मा काळ, खटला चालू असतानाच तुरुंगात काढला असेल, तर त्या कलमाखाली जामिनाचा विचार होतो. ज्या गुन्ह्यांना फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते ते यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही ही सवलत मिळत नाही. म्हणून नेमके कलम विचारा, ‘मारामारी’ एवढ्याने काही ठरत नाही. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी सात दिवसांत सुटका झाली नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानुसार कारागृह अधीक्षकांनी ते विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. आणि गरीब बंद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्र सरकारची योजनाही त्याच वर्षी आली. त्यामुळे ‘सातबारा दिला नाही तर तो आयुष्यभर सडेल’ असे जे तुम्हाला सांगितले गेले आहे, ते खरे नाही.

आता सातबारा द्यावा का? जामीनदार होणे म्हणजे नुसती सही नसते. तारखेला तो हजर राहिला नाही, तर बंधपत्रात लिहिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. व्यसनाच्या काळात त्याने दिलेले शब्द किती पाळले होते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. माझे मत विचाराल, तर धाकट्याचा वाटा ज्यात आहे आणि ज्यावर घराचे पोट आहे, ती जमीन यात आणू नये. थोरल्यासाठी धाकट्याने भरायचे, हे घरात एकदा सुरू झाले की दहा वर्षांनी दोन्ही मुले दुरावलेली दिसतात. ज्याला झेपेल असा दुसरा जामीनदार असेल, किंवा बुडाली तरी घर उभे राहील एवढीच रक्कम असेल, तर पुढे जा. पण त्याआधी एका गोष्टीचे उत्तर तयार हवे, आणि ते म्हणजे दारातून बाहेर पडल्यावर तो कुठे जाणार.

इथे बहुतेक कुटुंबे चुकतात. पाच महिने दारू मिळाली नाही याचा अर्थ व्यसन सुटले, असा होत नाही. शरीराची सवय मात्र उतरलेली असते. पूर्वी पचत होती तेवढीच दारू, आणि वर त्याच झोपेच्या गोळ्या, सुटल्याच्या आनंदात एका रात्रीत घेतल्या तर जिवावर बेततात. म्हणून तो बाहेर येण्याआधीच पुढच्या उपचारांचे ठिकाण पक्के करा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था आहे, पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. जामिनावर असताना जिल्ह्याबाहेर जायला न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलांना विचारून घ्या. त्याला आत असतानाच सांगा, ‘आम्ही जामीन करू, पण फाटकातून थेट दवाखान्यात.’ तो ‘नाही’ म्हणाला, तर तुमचेही उत्तर तुम्हाला मिळाले. आणि त्याने घरात कोणावर हात उचलला असेल, तर सुटकेनंतर त्याने तुमच्या घरी राहू नये. त्याची सोय दुसरीकडे करा, जेवणाचा डबा पाठवा, पण एका छपराखाली नको. वर सांगितलेली दुरुस्ती ती हीच.

त्याच्या वडिलांच्या मौनाबद्दल तुम्ही रागाने लिहिले आहे. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे ठाम काही म्हणणार नाही. एवढेच सांगते, की माझ्याकडे आलेल्या घरांत एक जण सारखा बोलत असतो आणि एक जण बोलणेच बंद करतो, आणि दोघांनाही वाटते की समोरच्याला काही वाटत नाही. एक वडील आपल्या पत्नीला मोटारसायकलवरून दर वेळी कारागृहापर्यंत सोडत आणि बाहेर झाडाखाली बसून राहत. तीन वर्षांत एकदाही आत गेले नाहीत. पत्नीने अखेर त्यांना आत येण्याचा आग्रह धरणे सोडले आणि परतीच्या वाटेवर मुलाने काय सांगितले ते त्यांच्या पाठीशी बसून सांगू लागली. ते मुकाट ऐकत. तुमच्या यजमानांना भेटीला ओढून नेऊ नका. जामिनाच्या निर्णयात मात्र त्यांना बसवा, कारण सही त्यांचीही लागणार आहे.

लोकांना काय सांगायचे, याची तुम्हाला फार चिंता आहे. गावाला कळलेले आहे, ताई. ‘तो पुण्याला कामाला आहे’ हे तुम्ही जे सांगता, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि ते सांभाळताना तुमचीच दमछाक होते. ‘त्याच्यावर केस चालू आहे, वकील बघत आहेत,’ एवढे सांगून विषय बदलावा. धाकट्याच्या सोयरिकीत मात्र लपवू नये. सुपारी फुटण्याआधी दोन जाणत्या माणसांकरवी मुलीच्या घरी स्पष्ट सांगा. एखादे स्थळ मोडेल. लग्नानंतर कळल्यावर जे होते, त्यापेक्षा ते सोसण्यासारखे असते.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू चोरून, एका ओळीत लिहिली आहे. ‘तो आत गेल्यापासून मला रात्री झोप लागते आणि त्याचीच मला लाज वाटते.’ ही ओळ मी बावीस वर्षांत किती तोंडांतून ऐकली आहे याची मोजदाद नाही. आठ-नऊ वर्षे तुम्ही रात्री दोन वाजता दाराच्या कडीकडे कान लावून झोपत होता. तो कुठे पडला असेल, कोणाशी भांडला असेल, आज घरात काय फुटेल, हे सगळे शरीर मोजत होते. आता तो कुठे आहे हे रोज रात्री ठाऊक असते, आणि शरीराने तेवढ्यावर विसावा घेतला. यात मायेची कसर नाही. त्या झोपेबद्दल स्वतःला शिक्षा करण्यासाठी जर तुम्ही जमीन द्यायला निघाला असाल, तर तेवढ्यासाठी तरी थांबा. मी हे म्हणते, कारण अशा शरमेपोटी दिलेले जामीन मी पाहिले आहेत, आणि त्यांत मुलाच्या उपचारांचा विचार कोणीच केलेला नव्हता.

‘आम्ही कुठे चुकलो’ याचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे देऊन मी तुमची बोळवण करणार नाही. चुका होतात. वडिलांपासून लपवून तुम्ही त्याला पैसे दिलेत, असे तुम्हीच लिहिले आहे. ती चूक तुमची, ती मान्य करा आणि पुन्हा करू नका. पण त्या दिवशी हातात दांडके त्याने घेतले. त्याचा हिशेब त्याला न्यायालयात द्यायचा आहे, आणि तो त्याच्या वतीने तुम्ही देऊ शकत नाही. ज्याचे डोके फुटले त्याच्या घरीही एक आई आहे, हे आपल्या दुःखात विसरू नये. मात्र खटला चालू असताना वकिलांना विचारल्याशिवाय त्यांच्या दारी समेटाला जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणला असा त्याचा अर्थ होऊ शकतो आणि जामीन रद्द होऊ शकतो.

तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही महिनाभर घेतलेल्या नाहीत, त्या आजपासून सुरू करा. रात्री फार असह्य झाले, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते, फोन मोफत असतो. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांचे गट भरतात, त्यात एकदा जाऊन नुसत्या बसा, बोललेच पाहिजे असे नाही.

पुढची मुलाखत सोमवारी आहे असे तुम्ही लिहिले आहे. रविवारी दोन कागद तयार ठेवा, अधीक्षकांच्या नावचा अर्ज दोन प्रतींत आणि जुन्या उपचारांच्या झेरॉक्स. धमकीचे त्याने मागच्या वेळी वापरलेले शब्द आठवतात तेवढे आजच लिहून काढा, सोमवारी रांगेत उभे राहून ते आठवणार नाहीत. अर्जाची पोच मिळाली की मला इथेच कळवा. कलम कोणते आहे ते समजल्यावर जामिनाबद्दल पुढचे बोलू.